बांगडा की राख? निळसर करड्या रंगाचा घोळ, आणि रंगाचेच आणखी दोन प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, आमचं गुहागरला जुनं घर आहे, चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीपलीकडे समुद्र. मागची खोली यंदा पावसाआधी रंगवून घ्यायचीय, कारण मुलगा आता घरूनच काम करतो आणि गणपतीला सगळे आले की झोपायला तीच खोली लागते. दुकानातून शेड कार्ड आणलं, त्यातले दोन निळसर करडे रंग पसंत पडले आणि तिथेच घोडं अडलंय. दोन्ही इतके सारखे की पेंटर म्हणतो वहिनी कुठलाही घ्या, भिंतीवर एकच दिसणार. सासूबाईंना तर फरकच कळत नाही. मुलीने एकाचं नाव बांगडा ठेवलंय, बांगड्याच्या पाठीसारखा दिसतो म्हणून, आणि दुसऱ्याचं राख. दुकानात मला राख आवडला होता, घरी आणल्यावर बांगडा बरा वाटायला लागला, आणि दिवेलागणीला बघितलं तर दोन्ही नकोसे झाले. खोलीला एकच मोठी खिडकी आहे, पश्चिमेला, वाडीकडे. खाली लाल कोबा, तो तसाच ठेवणार. दारं-खिडक्या सागवानी, रात्री पांढरी ट्यूब. भिंती सध्या पिवळट डिस्टेंपरच्या आहेत. पेंटर पुढच्या आठवड्यात येतोय. काय करू?
(एक वाचक, गुहागर)

उत्तर: राख घ्या. तुम्ही खोलीचं जे वर्णन केलंय त्यावरून माझं मत एवढं स्पष्ट आहे. पण डबा उचलायच्या आधी घरच्या घरी एक चाचणी नक्की करा, पेंटरला हवं तर चार दिवस पुढे ढकला, कारण हा रंग पुढची पाच-सहा वर्षं तुमच्या डोळ्यासमोर राहणार आहे.

आधी हे दोन रंग वेगळे का, ते बघू. दुकानात मशीनवर निळसर करडा बनवतात तेव्हा पांढऱ्या बेसमध्ये निळा आणि काळा स्टेनर, म्हणजे छटा आणणारा दाट रंग, पडतो, आणि बहुतेक वेळा त्यात तिसरा एखादा थेंब असतो, कधी हिरव्याचा, कधी लाल-जांभळ्याचा. कार्डावर दीड इंचाच्या चौकोनात तो तिसरा थेंब दिसत नाही, पण चारही भिंतींवर मारला की तोच बोलतो. तुमच्या मुलीने नाव ठेवताना तो बरोबर ओळखलाय! ताज्या बांगड्याची पाठ नुसती निळी नसते, निळ्यात हिरवी झाक असते. म्हणजे तुमचा बांगडा हिरव्याकडे झुकणारा. राख त्यामानाने लालसर-जांभळट बाजूचा असणार. खात्री करायची असेल तर शेड कार्डावर त्याच पट्टीतला सगळ्यात गडद रंग बघा. बऱ्याच कार्डांवर एका पट्टीत एकाच घरातले रंग फिक्यापासून गडदापर्यंत लावलेले असतात, आणि फिक्यात लपलेली झाक गडदात उघडी पडते. बांगड्याच्या पट्टीत खाली मोरपिशी निघाला आणि राखच्या पट्टीत जांभूळसर काळा, तर समजायचं की मुलगी बरोबर आहे.

आता तुमची खोली. खिडकीबाहेर पोफळी आणि नारळ दाट असतील तर आत जो उजेड येतो तो सरळ आभाळाचा नाहीच, तो पानांवरून आपटून आलेला असतो. पानं लाल आणि निळा प्रकाश बराचसा शोषून घेतात आणि हिरवा त्यामानाने जास्त परत टाकतात, म्हणून वाडीकडच्या खोल्यांमध्ये पांढरी चादरसुद्धा दुपारी किंचित हिरवट दिसते, एकदा मुद्दाम बघा. त्या उजेडात आधीच हिरवी झाक असलेला बांगडा अजून हिरवा होणार आणि तुम्हाला करडा हवा असताना भिंत समुद्री हिरवी होऊन बसणार. राखमधली लालसर झाक मात्र ह्या हिरव्याला मारते, म्हणजे दोन्ही एकमेकांना खातात आणि जो हवा होता तो निळसर करडा उरतो.

पण तुमचा कोबा लाल आहे, आणि नेमका तोच मुद्दा पेंटरने धरायला हवा होता. लाल जमिनीवर उजेड पडला की भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागावर लालसर झळ येते आणि राख तिथे जांभळट दिसू शकतो. मग राख कसा काय घ्या म्हणते मी? कारण कोबा स्वतःचा रंग तेव्हाच देतो जेव्हा त्याच्यावर ऊन पडतं. तुमची खिडकी पश्चिमेला, वर कौलाची वळचण खाली आलेली, समोर झाडं. म्हणजे खोलीत ऊन शिरतं ते फक्त उतरतीला, चार-साडेचारनंतर सूर्य खाली आला की माडांच्या खोडांमधून, तेही उन्हाळ्यात आणि थंडीत. तेवढा तास-दीड तास राख जांभूळसर वाटेल, बाकीचा दिवस नाही.

आणि पावसाळा धरा ना! रंग आपण एप्रिल-मेमध्ये निवडतो, लख्ख उन्हात, तांबडी माती उघडी असताना. पण जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तेच अंगण हिरवं होतं, गडग्यावर शेवाळ चढतं, वाडीत गवत गुडघ्याएवढं होतं आणि आभाळ सप्टेंबर संपेपर्यंत बहुतेक झाकलेलंच असतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा ह्या चार महिन्यांत. त्या दिवसांत तुमच्या कोब्यावर ऊन नाही म्हणून लाल झळ नाही, आणि बाहेरचा हिरवा मात्र दुप्पट. म्हणजे मेमध्ये बांगडा आणि राख यांच्यात जी बरोबरी वाटतेय ती जुलैत राहणार नाही, राख पुढे जाईल. मुलगा दिवसभर त्याच खोलीत बसणार आहे आणि गणपतीला माणसं त्याच खोलीत झोपणार आहेत, तेव्हा रंग पावसाळ्याच्या उजेडासाठी निवडायचा, मेच्या नाही. कोकणात घर रंगवताना मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि शेड कार्ड हातात आलं की नेमकी तीच विसरली जाते.

हेच घर तुमचं रत्नागिरीच्या वर सड्यावर असतं, समोर झाड नाही, कातळ आणि तांबडं खळं, दिवसभर ऊन, तर मी डोळे मिटून बांगडा म्हटलं असतं, कारण तिथे लाल झळ दिवसभर असते आणि राख पार जांभळा दिसला असता. म्हणून शेजारणीच्या खोलीत कुठला रंग छान दिसला त्यावर जाऊ नका, तिची खिडकी कुठे उघडते ते आधी विचारा.

आता चाचणी. भिंतीवर दोन रंगांचे दोन पट्टे शेजारी शेजारी मारून बघतात ना सगळे, ते करू नका. दोन जवळचे रंग शेजारी ठेवले की डोळा त्यांच्यातला फरक ताणून दाखवतो, बांगडा आहे त्याहून हिरवा दिसतो आणि राख आहे त्याहून जांभळा. हे जुनं शास्त्र आहे. पॅरिसच्या गोब्लँ ह्या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात शेवरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचे प्रमुख होते, तिथे तक्रार आली की काळा धागा फिका दिसतोय, आणि त्यांनी शोधून काढलं की धाग्याच्या रंगात खोट नाही, शेजारचा रंग त्याला फिका दाखवतोय. 1839 साली त्यांनी ह्यावर मोठा ग्रंथ छापला. तुमच्या बाबतीत तर अजून एक भानगड आहे, भिंत पिवळट. पिवळ्यावर कुठलाही निळसर रंग जास्तच निळा दिसतो, आणि नंतर सगळी खोली रंगली, पिवळा झाकला गेला की तो निळेपणा उतरतो आणि लोक म्हणतात दुकानदाराने वेगळाच डबा दिला.

तर असं करा. दोन्ही रंगांचे सगळ्यात छोटे डबे घ्या, काही कंपन्यांचे नमुन्याचे छोटे डबे मिळतात, नाही मिळाले तर एक लिटरचे घ्या, थोडे पैसे जातील पण चार भिंती परत रंगवण्यापेक्षा ते खूपच कमी. जाड पुठ्ठे किंवा प्लायचे तुकडे, दोन फूट बाय दोन फूट तरी हवेत, त्याला पांढरा प्रायमर, वर रंगाचे दोन हात, आणि चारही बाजूंनी दोन-तीन इंच पांढरी पट्टी सोडा म्हणजे जुनी पिवळी भिंत रंगाला चिकटणार नाही. पूर्ण एक दिवस वाळू द्या. इमल्शन, म्हणजे हा भिंतीचा प्लास्टिक पेंट, ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, आपल्याकडच्या दमट हवेत त्याला वेळ लागतो, त्यामुळे संध्याकाळी मारून रात्री निर्णय घ्यायचा नाही.

मग एक दिवस फक्त बांगडा खोलीत ठेवायचा, राख दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या दिवशी उलट. पुठ्ठा एकाच जागी ठेवू नका, खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर आणि खाली कोब्याला टेकवून, अशा तिन्ही ठिकाणी बघा, आणि उभाच ठेवा, आडवा ठेवला तर तो वरून उजेड घेतो आणि खोटं फिकं दिसतं. पावसाळ्यासारखा उजेड हवा असेल तर सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीची एक झडप लावून घ्या आणि तेव्हा बघा. ते सगळ्यात महत्त्वाचं बघणं आहे.

दिवेलागणीला दोन्ही नकोसे वाटले म्हणालात, त्याचं कारणही सांगते. उजेड कमी होत जातो तसा आपला डोळा लाल-पिवळ्याला मंद होतो आणि निळ्याला त्यामानाने जास्त जागा राहतो, पुरकिन्ये नावाच्या शास्त्रज्ञांनी 1819 मध्ये हे टिपलं होतं. त्यामुळे सांजवेळी सागवानी दार काळं पडतं, कोबा काळा पडतो आणि निळसर भिंत तेवढी उजळ, थंडगार उरते. हा अर्धा तास प्रत्येक निळसर रंगाचा असाच जातो, त्या वेळेला निकाल लावू नका, दिवा लावा.

दिव्यावरून आठवलं, ती पांढरी ट्यूब बदला. बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या ट्यूब बहुतेक 6500 केल्विनच्या असतात (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तेवढा उजेड निळसर), खोक्यावर लिहिलेलं असतं, तो उजेड मुळातच निळसर, त्याच्यात निळसर करडी भिंत म्हणजे दवाखान्याचा व्हरांडा! 4000 केल्विनची घ्या, मुलाला कामाला पुरेसा पांढरा उजेड मिळतो आणि भिंत माणसात राहते. झोपायच्या बाजूला 3000 चा एक दिवा असला तर उत्तमच, सागवान त्या उजेडात फार सुंदर दिसतं. पण ट्यूब पुठ्ठे बघायच्या आधी बदला, नंतर नाही, कारण दिवा बदलला की भिंतीचा रंगही बदलतो.

सासूबाईंना फरक दिसत नाही ह्यात त्यांचं काही चुकत नाहीये. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश आत कमी पोचतो, मोतीबिंदू असेल तर आणखीच, म्हणून निळ्याच्या छटांमधला बारीक फरक त्यांना जाणवत नाही. त्यांना रंग विचारू नका पण खोली अंधारी वाटते का ते जरूर विचारा, त्या बाबतीत त्यांचं मत तुमच्यापेक्षा महत्त्वाचं. आणि त्यासाठी दुकानात अजून एक आकडा विचारा, एलआरव्ही. रंग किती उजेड परत टाकतो त्याचं हे माप, शून्य म्हणजे ठार काळा आणि 100 म्हणजे पूर्ण पांढरा. शेड कार्डाच्या मागे किंवा कंपनीच्या यादीत सापडतो. तुमच्या खोलीला एकच खिडकी, तीही झाडाखाली, तेव्हा 50 च्या खालचा रंग चारही भिंतींना लावू नका. राखचा आकडा 45 आणि बांगड्याचा 58 असा काही प्रकार निघाला तर मात्र माझं उत्तर बदलेल, मग राखच्याच पट्टीतला एक घर वरचा फिका रंग घ्या. छत पांढरंच ठेवा.

ओलीचा एक मुद्दा राहिलाच, आणि तो रंग निवडण्याइतकाच मोठा आहे. चिऱ्याची भिंत जमिनीतून पाणी ओढते, पाणी वर येऊन वाळलं की क्षार बाहेर पडतात. पांढऱ्या भिंतीवर तो पांढरा खार नजरेत येत नाही, निळसर करड्यावर मात्र मीठ सांडल्यासारखा दिसतो. तुमच्या खोलीत जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पापुद्रे सुटले असतील तर आधी बाहेरच्या बाजूने पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब काढा, भिंतीलगतची माती उतरती करा, आणि भिंत मे महिनाभर उघडी वाळू द्या. ओल्या भिंतीवर महाग इमल्शन मारलं तर गणपतीपर्यंत फुगे येतील आणि तेव्हा बांगडा की राख ह्याला काही अर्थ राहणार नाही. मॅट आणि चकचकीत ह्यांच्या मधलं, धुता येईल असं सॉफ्ट शीन घ्या. चकचकीत फिनिशमध्ये जुन्या भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो आणि खिडकीतला हिरवा उजेड आरशासारखा परत येतो.

एवढं करून दोन पुठ्ठे वेगवेगळ्या दिवशी बघून खरंच फरक कळला नाही तर पेंटर जिंकला, ज्याचा एलआरव्ही जास्त तो आणा आणि काम सुरू करा.

प्रश्न: मालवणजवळ आमचं वडिलोपार्जित मातीच्या भिंतींचं घर आहे. आतून कायम चुनाच मारत आलोय, प्लास्टिक पेंट कधीच नाही. सुनेला माजघर निळसर करडं हवंय. आमचा गडी म्हणतो, "चुन्यात नीळ घाला, वायच काजळी घाला, झाला काम." खरंच होईल का? घरात लहान मूल आहे म्हणून भीती वाटते.
(एक आजोबा, मालवण तालुका)

उत्तर: आजोबा, गडी बरोबर सांगतोय आणि मातीच्या भिंतीला चुनाच योग्य, तो भिंतीला श्वास घेऊ देतो. प्लास्टिक पेंटच्या फंदात पडू नका. फक्त नीळ कुठली ते नीट बघा.

कपड्यांची जी जुनी कोरडी नीळ मिळते ती अल्ट्रामरीन असते आणि अल्ट्रामरीन चुन्यात टिकतं, चुन्याचा तिखटपणा त्याला बाधत नाही. पांढऱ्या चुन्यात आपल्याकडे पूर्वीपासून किलोला चिमूटभर नीळ घालतातच, पिवळटपणा मारायला. पण बाटलीतली पातळ नीळ घेऊ नका, ती बहुतेक नुसती कापडाची डाय असते, भिंतीवर काही महिन्यांत उडून जाते. आणि रंगाच्या दुकानात कोणी प्रशियन ब्लू दिली तर तीही नको, कागदावर कितीही देखणी असली तरी चुन्यात ती फुटते आणि तपकिरी डाग पडतात. दुकानात सरळ विचारायचं, चुन्याला चालणारा निळा द्या.

काजळीची अडचण वेगळी. ती पाण्यावर तरंगते, चुन्यात टाकली की गोळे होतात आणि कुंचला मारताना भिंतीवर काळे ओरखडे उठतात. आधी वाटीत काजळी घ्या, त्यात साबणाचं थोडं पाणी घालून बोटाने मळून लेप करा, मग तो लेप पातळ करून फडक्यातून गाळून चुन्यात घाला. निळीचंही तसंच, कोरडी टाकायची नाही. दोन्ही मिळून कोरड्या चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, त्याच्यावर गेलं तर चुना त्याला धरून ठेवत नाही आणि भिंतीला पाठ टेकली की शर्टाला रंग लागतो.

आणि हे सुनेला नक्की सांगा: बादलीतला रंग बघून घाबरायचं नाही. चुना ओला असताना गडद दिसतो आणि वाळताना पांढरा होत जातो, इमल्शनच्या अगदी उलट. बादलीत दिसतो त्यापेक्षा भिंतीवर कितीतरी फिका होणार. म्हणून दाराआडच्या कोपऱ्यात हातभर जागेवर मारून दोन दिवस थांबा, मग निळीचं प्रमाण ठरवा. एकाच वेळी सगळ्या खोलीला पुरेल एवढा चुना कालवा, अर्ध्यावर संपला आणि परत कालवला तर तोच रंग दुसऱ्यांदा जुळत नाही. पातळ तीन हात मारा, एक जाड हात नाही, आणि प्रत्येक हाताआधी भिंतीवर पाणी शिंपडा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पक्का होतो आणि त्याला ओलावा लागतो, कडक उन्हाच्या वाऱ्यात पटकन वाळला तर पिठासारखा झडतो.

बाळासाठी भीती आहे ती चुना विरवताना, तेव्हा तो उकळतो आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर मोठी इजा होते. विरवायचं काम घरापासून लांब, मूल आसपास नसताना, आणि काम करणाऱ्याच्या डोळ्याला चष्मा हवाच. भिंतीवर नीट वाळून पक्का झाला, हाताला लागत नाही असा झाला, की काळजी नाही. तोवर आठ-दहा दिवस बाळाला त्या खोलीत सोडू नका.

प्रश्न: दापोलीला आमच्या होमस्टेच्या हॉलला निळसर करडा रंग दिला. एकाच कंपनीचा, एकाच नंबरचा, पण दोन डबे वेगवेगळ्या दिवशी आणले आणि एक भिंत उन्हात स्पष्ट वेगळी दिसतेय. पेंटर म्हणतो वाळला की एक होईल, तीन आठवडे झाले, झाला नाही. भिंत परत रंगवावी का?
(एक वाचक, दापोली)

उत्तर: तीन आठवड्यांनी झाला नाही म्हणजे आता होणार नाही. मशीन एकच असलं तरी प्रत्येक डब्यात स्टेनरचा थोडा कमी-जास्त फरक पडतो, बेसची बॅच बदलली तरी पडतो. गडद लाल किंवा पिवळ्यात तो खपून जातो पण निळसर करड्यात स्टेनर मोजकेच थेंब असतात, त्यातला एक चुकला की भिंत ओरडून सांगते. म्हणून पेंटर लोक सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळून घेतात आणि मग सुरू करतात, पुढच्या वेळी ते आधी सांगून ठेवा.

सगळा हॉल परत रंगवू नका. वेगळी दिसणारी भिंत कुठे संपते ते बघा. कोपऱ्यात संपत असेल तर फक्त तेवढीच भिंत, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, एक हात नवीन डब्याचा मारून घ्या. दोन भिंतींवर उजेड वेगळ्या कोनात पडतो त्यामुळे कोपऱ्यात बारीक फरक लपतो, एकाच भिंतीच्या मधोमध कधीच लपत नाही. नवीन डबा करायला जाताना फक्त नंबर सांगू नका, चांगल्या भिंतीवरच्या डब्यातला उरलेला रंग झाकणावर लावून, वाळवून, तो घेऊन जा आणि दुकानाबाहेर उन्हात जुळवून बघा. दुकानातल्या ट्यूबखाली जुळलेले दोन करडे उन्हात वेगळे निघतात, असं होतं, दोन्हीत वेगवेगळे स्टेनर असले की होतंच. जुळला की हॉलला लागेल त्यापेक्षा लिटरभर जास्तच करून घ्या आणि झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवा, होमस्टे आहे, बॅगा भिंतीला घासणारच, तेव्हा टचअपला तोच डबा लागेल. झाकणावर शेडचा नंबर, बॅच आणि तारीख मार्करने लिहून ठेवा.